आभाळातले बुडबुडे

मंगळवार, सातपाटी. जेवणाआधी.

बोटीवरचा जीपीएस दिवस मावळला की भरकटतो, म्हणून आज तो विकणाऱ्या बोईसरच्या दुकानदाराची गचांडी धरली. एमएस्सीवाल्या वैशालीला सांगितलं, तर हसतच सुटली.

"आभाळाची धर की गचांडी! अंधार पडला की वरच्या विद्युतभारित थराची खालची बाजू विरळ होते. मग विरळ बुडबुडे जड थरातून वर चढतात. उपग्रहाचा सिग्नल त्यातच थरथरतो. दुकानदाराचा दोष नाय."

बुडबुडे! आमी पाण्यातले बघून मासा ओळखतो, ही न दिसणारे ओळखते. केवढी पोरगी! आणि मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला. मनातलं विचारू का? ओठांवर आलं, गिळलं.

"आधी त्याची माफी मागून ये, मग बोल."

"काय बोलू?"

"आत्ता गिळलंस ते."

उद्या दुकान उघडायच्या आधी मी दारात.