डाव्या खांद्याची गादी

मंगळवार

ताईस,
स.न.वि.वि. मांडीवर छकुली आहे, म्हणून नमस्कार नुसता मान वाकवून.

ताई, माझी झोप उडालीय. मागे पुढाऱ्यांच्या ऑफिसातला माणूस आला, नाटकासाठी फादरांसारखा झगा शिव म्हणाला. माप दिलं नाही. मी आपलं फादरांचंच माप धरलं. त्यांचा डावा खांदा उतरलेला, म्हणून तिथे आतून नेहमी कापसाची गादी घालते. सवयीने यालाही घातली.

आणि नाटक कसलं! पुढाऱ्यांनी तो झगा घालून भर सभेत लोकांना गुडघ्यावर बसवलं, विरोधकांना मत दिल्याचं पाप कबूल करायला लावलं, वर हाताने क्रूसाची खूण करून क्षमा केली. आपली माणसं पेटलीत, पुढाऱ्यांनी माफी मागावी म्हणून चर्चच्या फाटकाशी बसलीत. पेपरात फोटो आलाय. पुढाऱ्यांचा डावा खांदा असा वर, जणू झग्यात मांजर लपवलंय. फादर तो खांदा ओळखणार गं! रविवारी छकुलीचा बाप्तिस्मा आहे. ते नाही म्हणाले तर? सासूबाई म्हणतात, शिवणाऱ्याचे हात झडोत. मी हो हो म्हणते आणि हात मागे लपवते.

लोभ आहेच तुझा, पण आता जरा जास्त लागेल.
तुझी,
धाकटी

गुरुवार

धाकटे,
अनेक आशीर्वाद. फोटो बघून तुझ्या भाऊजींना हसता हसता ठसका लागला. म्हणाले, खोटं बोलून बोलून एका बाजूला कलला वाटतं.

वेडे, लपून बसलीस तर चोर ठरशील. लहानपणी साखर खाऊन तोंड न पुसताच मी नाही म्हणायचीस, तसलं आता नको. शनिवारी फादरांकडे कबुलीला जा आणि एका दमात सांगून मोकळी हो.

छकुलीचा मुका घे. तिने बापाचं नाक नाही ना घेतलं?
ताई

रविवार

ताईस,
स.न.वि.वि. काल कबुलीला गेले. तोंड उघडायच्या आत जाळीपलीकडून फादरांनी विचारलं, या वेळी गादी जरा जाड झाली का. मी तिथेच रडले. म्हणाले, तुला फसवलं त्यात तुझं पाप काय, उद्या छकुलीला घेऊन ये.

आज पुढारी चर्चमध्ये आले. कुणाचं मन दुखावलं असेल तर, अशी सुरुवात केली. सासूबाई ताडकन उठल्या, म्हणाल्या असेल-बिसेल नाही, दुखावलंय, नीट माफी मागा. घाम पुसत त्यांनी नीट मागितली, झगा फादरांना दिला. फादरांनी तो अंगात घातला तर जिथल्या तिथे बसला! कुणी शिवला, कुणी शिवला, अशी कुजबूज झाली. ताई, मी उभी राहिले आणि मी शिवला म्हणाले. सासूबाई माझ्या हातांकडे बघतच राहिल्या.

फादर म्हणाले, त्याच हातांनी आता लेकीला घट्ट धर, पाणी गार आहे.

घराच्या दाराशी आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, माझाही उजवा खांदा जरा उतरलाय.

लोभ ठेव. तुझा उतरला असेल तर कळव.
तुझी,
धाकटी