सातव्या भटक्याची नोंद

रविवार, २ जानेवारी १९९४. पाथरी.

आज पाथरीत आले आणि गाव पहिल्याच भेटीत आवडले. उद्या येथील ग्रंथालयात सहायक म्हणून रुजू होईन. घरमालकीण धुरपताबाईंनी खोलीला नुकताच चुना दिला आहे. मी फारशी बोलत नाही, हे त्यांनी दारातच ओळखले. मांजर तरी म्याव करतं, ही अनुसया हाय का न्हाई तेच कळायचं न्हाई, असे शेजारणीला सांगून त्या मनमुराद हसल्या. मलाही हसू आले.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी माझी मैत्रीण पंचफुला हिने मला तिच्या छंदमंडळात घेतले आहे. मंडळाचे सदस्य जिल्ह्यात पत्र्याचे डबे लपवतात आणि त्यांच्या खुणा पोस्टकार्डाने कळवतात. प्रत्येक डब्यात एक वही असते. क्रमांकाचा बिल्ला बांधलेल्या लहान वस्तूही असतात. त्यांना ‘भटके’ म्हणतात. एका डब्यातला भटक्या उचलायचा, दुसऱ्यात ठेवायचा आणि दोन्ही वह्यांत नोंद करायची. माणसांची सोबत मिळते, पण बोलावे लागत नाही. माझ्यासाठी याहून चांगला छंद कोणता?

बुधवार, ५ जानेवारी.

सेलू रस्त्यावरच्या जुन्या मोरीखाली पहिला डबा सापडला! आत सातवा भटक्या होता: चिंध्यांची बाहुली, डोळ्यांच्या जागी काळे टाके. वहीतील शेवटची नोंद मात्र कोणा निष्काळजी माणसाने केलेली दिसते. अक्षर लहान मुलासारखे वेडेवाकडे.

वस्तू: सूर्यभान. कोणी आणली: बाहुली.

रकान्यांची सरळसरळ अदलाबदल. मला राहवले नाही. तांबड्या शाईने नोंद दुरुस्त केली आणि बाहुली घरी आणली.

शनिवार, ८ जानेवारी.

पंचफुलाचे कार्ड आले. सूर्यभान हे सेलूचे कंपाउंडर, मंडळाचे सदस्य. नाताळच्या सुट्टीपासून ते घरी परतलेले नाहीत. मोरीच्या वहीत त्यांची नोंद असल्यास ती जशीच्या तशी उतरवून पाठव, असे तिने लिहिले आहे. ती स्वतः संक्रांतीला गावी जाणार असून, सोळा तारखेला परतताना देवगाव फाट्याचा डबा उघडणार आहे. उद्या बाहुली तेथेच ठेवावी. तिला गंमत वाटेल.

सायंकाळी धुरपताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खोलीत कुण्या बाप्याला बशिवलंस, मघाधरनं खोकायलाय, असे त्यांनी विचारले. खोलीत मी एकटीच होते. बाहुली ठेवलेली पिशवी मात्र पूर्वीपेक्षा जड वाटते.

रविवार, ९ जानेवारी.

फाट्याजवळच्या बाभळीच्या ढोलीत डबा होता. बाहुली आत ठेवली. नोंद सुवाच्य अक्षरात केली. वस्तू: बाहुली. कोणी आणली: अनुसया.

परतीच्या एस.टी.त एक नवल घडले. कंडक्टरने सर्वांना तिकिटे दिली आणि मला ओलांडून तो पुढे गेला. उतरेपर्यंत मी सुटे पैसे मुठीत धरून बसले होते. हाक मारण्याचा धीर झाला नाही.

बुधवार, १२ जानेवारी.

ग्रंथालयातून भर दुपारी उठले. कोणी विचारले नाही. मोरीतील वही पुन्हा उघडली. माझी तांबडी दुरुस्ती खोडलेली आहे. तेच वेडेवाकडे अक्षर: ‘आधीचे बरोबर होते.’ त्याखाली नवी ओळ.

वस्तू: अनुसया. कोणी नेली: बाहुली. मुक्काम: देवगाव फाटा.

घरी आले, तर खोलीला कुलूप. ओट्यावर धुरपताबाई शेजारणीला सांगत होत्या, की पोरगी रविवारी गेली ती आलीच न्हाई. मी त्यांच्या समोर उभी होते. मी मोठ्याने हाक मारली. आयुष्यात प्रथमच इतक्या मोठ्याने —

शुक्रवार, १४ जानेवारी.

संक्रांत. धुरपताबाईंनी साऱ्या गल्लीला तिळगूळ वाटला. माझ्या हातावर कोणी ठेवला नाही. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली आणि तणावामुळे गाड्या बंद पडल्या. पंचफुलाच्या गावी कार्ड वेळेत पोचणार नाही. माझा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. पण लिहिलेले उरते. वहीत उरले, तसे येथेही उरेल. ही रोजनिशी फाट्याच्या डब्यात ठेवायची, म्हणजे सोळा तारखेला पंचफुला ती वाचेल. चालत निघते.

शनिवार, १५.

पाय दुखत नाहीत. तहान नाही. मी चालते आहे की मला कोणी —

रविवार.

पत्र्याचा वास. झाकणाच्या फटीतून उजेडाची एकच रेष. शेजारी कोणीतरी खोकते. मी नाव विचारले. सूर्यभान, म्हणाले.

बाहुली वहीवर बसली आहे. नवी ओळ लिहून झाली आहे. पहिल्या रकान्यात ‘पंच’ एवढेच. बाकीचे नाव पंचफुला आल्यावर बाहुली लिहील.

पावले. तीच — गुणगुणत येते आहे. तिला सगळ्यांशी बोलता येते, वाटेतल्या झाडांशीसुद्धा —

पंचफुला, आधी हे वाच. बाहुली उचलू नकोस. हसू नकोस, ही गंमत नाही. झाकण लाव आणि पळ. तू हात घालते आहेस — वहीकडे नको, माझ्या रोजनिशीकडे — बाहुली डोळ्यांचे टाके उघडून तुझ्याकडे —