चौथ्या पायरीवरचा फॉर्म

१० फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर झोप नाही. डोळा लागला की नंबर दिसतो. सूरजचा. मीच टाकला, माझ्याच बोटांनी!

नौपाड्याच्या ऑफिसात नवीन अ‍ॅप बनवतायत. घरकाम करणाऱ्या बायकांच्या विम्याचा फॉर्म. पाच पायऱ्या, एक भरली की 'पुढे' दाबायचं. मी तिथे चहा करते, टेबलं पुसते. पण प्राची मॅडम मलाच बसवते — "दर्शनाताई, तुम्हाला जमलं तर सगळ्यांना जमेल." सातवी शिकलेलीचा असा उपयोग!

मागच्या आठवड्यात तिसऱ्या पायरीवरून मागे गेले तर सगळं पुसलं. मी चिडले. "एवढं मरमर करून लिहिलेलं, गेलं कुठे?" मॅडमने ते वहीत लिहून घेतलं.

काल परत बसवलं. "खरंखरं भरा हां. खोटं लिहिलं की कुठे अडतं ते कळत नाही." पहिलीच पायरी मोबाईल नंबर. माझं सिम नवीन, नंबर पाठ नाही. बोटं आपोआप चालली. सूरजने लग्न झाल्या झाल्या पाठ करून घेतलेला. रोज म्हणायला लावायचा, चुकलं की कानाखाली. मला जगात एकच नंबर पाठ आहे. ओटीपी अजून लावलेला नाही, नाहीतर तिथेच लक्षात आलं असतं.

दुसरी पायरी पत्ता — आंबिवलीचा लिहिला, हल्ली राहते तो. तिसरी मुलं — रुचिता, वय पाच, शाळेचं नाव. चौथी बँक. माझं खातंच नाही. फॉर्म तिथेच सोडला.

नवऱ्याच्या घरातून पळाले त्याला तीन महिने झाले. त्याला फक्त दादाचं कल्याणचं घर माहीत आहे. हे नाही. म्हणून तर इथे राहते.

११ फेब्रुवारी

सांगायला गेले, सांगितलं नाही. ऑफिसात नवरा दुबईला आहे म्हणून थाप मारलेली. आता काय तोंडाने सांगू?

सर्वेश — तो अ‍ॅपच्या आतलं बनवतो — खुशीत होता. "ताई, तुमचं काम केलं! आता मागे जा, पुढे जा, मोबाईल बंद करा, फॉर्म काही विसरत नाही. सोडला तिथून सुरू!"

मी "छान" बोलले. कप उचलले.

१२ फेब्रुवारी

सगळे जेवायला गेले तेव्हा ज्यावर फॉर्म भरलेला तो टेबलावरचा मोबाईल घेतला. माझा फॉर्म होता तसाच! मागे, मागे, मागे. पहिल्या पायरीवर हिरवी खूण, नंबर बदलूच देत नाही. पत्ता पुसला तर लाल अक्षरं — पत्ता आवश्यक आहे. खोटा लिहावा म्हणून कुठलं तरी गाव टाकायला लागले, तेवढ्यात सर्वेश आला. "काय ताई, सवय लागली की काय!" मोबाईल ठेवून दिला. फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

१३ फेब्रुवारी

रुचिता विचारते, आई, तू सारखी कडी का बघते?

१६ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. सगळं. दुबईपण.

चहा देताना सर्वेश बोलला, "सकाळी मेसेज चालू केले. ज्यांचा फॉर्म अर्धा आहे त्यांना जातात. 'तुमचा फॉर्म चौथ्या पायरीवर आहे, इथे दाबा.' तुम्हाला आला ना, ताई?"

ट्रे सुटला हातातून. प्राची मॅडम काचा सोडून आधी माझ्याकडे धावली. तिला बोलले — तो मेसेज माझ्या नवऱ्याला गेलाय.

सर्वेशने लगेच फॉर्म काढून टाकला. "आता ती लिंक उघडणार नाही, ताई." मग स्क्रीनकडे बघत बसला.

"काय झालं? बोल ना रे!"

"सव्वादहाला कुणीतरी उघडलेला. चौथी पायरी. मग मागे, तिसरी. मग मागे, दुसरी." माझ्याकडे न बघता बोलला, "काही बदललं नाही. नुसतं बघितलंय."

मीच मागितलेलं ना — मागे गेलं तर पुसू नका म्हणून!

मॅडम बोलली, उद्या सकाळी मी येते, आपण पोलिसात जाऊ. दादाला कळवलं नाही. तो सूरजच्या अंगावर जाईल आणि स्वतःच आत बसेल.

१७ फेब्रुवारी

रुचिताला शाळेत पाठवलं नाही. आत्ता तिच्या बाईंचा फोन — "पप्पा आलेले न्यायला. आज आली नाही असं मी बोलले, तर म्हणाले तिच्या घरी जातो."

शाळेतून इथे दहा मिनिटं. मॅडमची गाडी अजून डोंबिवलीला. दादा फोन उचलत नाही, कारखान्यात मशीनवर असेल. रुचिताला घेऊन मागच्या गल्लीने स्टेशनच्या पोलीस चौकीत चाललेय. वही शेजारच्या मंजुळामावशीच्या घरात टाकते. तिला वाचता येत नाही, म्हणून जो कोण वाचेल त्याने — माझ्या भावाला फोन करा. राजरत्न. उचलेपर्यंत करत राहा. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर आहे. मला पाठ नाही.