मीटर माझ्या नावावर

४ नोव्हेंबर

विजेचं बिल आलं. दोन महिन्यांचं, गेल्या खेपेच्या जवळजवळ दुप्पट. प्लँटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. चूक नाही. घरात गॅस नाही, तेलाची टाकी नाही, सगळं विजेवर. सप्टेंबरपासून वरच्या खोलीत मंदारच्या लेकीचं, इराचं, ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालू. दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेलं बाळ, खोली गार होऊन चालत नाही, म्हणून हीटरही.

मंदार आणि मी सांगलीपासूनचे, एका बाकावरचे. इथे आयर्लंडमध्ये, मलिंगारला, हे घर एकत्र भाड्याने घेतलं तेव्हाच ठरलं होतं, भाडं, वीज, इंटरनेट सगळं निम्मंनिम्मं. वरचा मजला त्याचा आणि त्याच्या बायकोचा, केतकीचा; खालची खोली माझी आणि अश्विनीची. मीटर माझ्या नावावर, कारण तेव्हा इथल्या बँकेत खातं फक्त माझं होतं.

अश्विनीला बिल दाखवलं. "विषय काढू नकोस," म्हणाली. "आत्ता नाही."

बरं.

६ नोव्हेंबर

प्लँटमधली आमची लाइन बंद करताहेत. अकरा वाजता बोलावलं. एचआरची बाई फार चांगली वागली, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पगार डिसेंबरअखेरपर्यंत. मग वर्क परमिटच्या नियमाने सहा महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर भारतात परत.

अ.ला फार्मसीतून घ्यायला गेलो तेव्हा गाडीतच सांगितलं. तिने सीटबेल्ट लावला, काढला, पुन्हा लावला.

"मंदारला सांगणार?"

"नको. त्यांच्या डोक्याला आधीच..."

९ नोव्हेंबर

मं.ने विचारलं, बिल आलं का. केतकी इराच्या गालावरची टेप बदलत होती, नाकातली नळी सरकते सारखी. म्हटलं, "आलं. नेहमीसारखंच." गेल्या वेळचा आकडा सांगितला. त्याने उभ्याउभ्याच निम्मे पैसे पाठवले. उरलेले मी भरले.

बरं वाटलं, खरं तर. मोठं काही केल्यासारखं. इथे लिहायला हरकत नाही.

१६ नोव्हें.

आमच्या खोलीतला हीटर बंद केलाय. पाणी तापवायचं इमर्शन सकाळी अंघोळीपुरतं. कपडे रात्रीच्या स्वस्त दरात धुवायचे, पण हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टाकलेले वाळत नाहीत, कारण आतली टाकीच गार. अ. कोट घालून आईला फोन करते. व्हिडिओ बंद. आईला सांगते, नेट खराब आहे.

इराचं ऑक्सिजनचं राखीव सिलिंडर वर पोचवायला गेलो. खोली उबदार. केतकी म्हणाली, "बस ना जरा." बसलो नाही. ऊब घ्यायला आल्यासारखं झालं असतं.

२३ नोव्हें.

पाच अर्ज, दोन नकार, बाकीचे गप्प.

अ. कामावरून आली की हात धुऊन थेट वर. इराला मांडीवर घेऊन बसते. गेल्या वर्षी आमचं बाळ राहिलं नाही तेव्हा, इरा जिथे जन्मली त्याच हॉस्पिटलमधून घरी येताना ती एक शब्द बोलली नव्हती. मग महिनाभर नाही. आता इराशी बोलते, काहीही, दुकानात आज कोण आलं, पाऊस कसा पडतोय. मी जिन्यात उभा राहून ऐकतो.

३० नोव्हें.

वाईट दिवस.

मं.ला कळलं. प्लँटमधल्या कुणाच्या बायकोने केतकीला सुपरमार्केटमध्ये गाठून सहानुभूती दाखवली. संध्याकाळी मं. स्वयंपाकघरात आला. आवाज चढवला नाही त्याने, ते जास्त लागलं.

"निख्या, मला परक्या माणसाकडून कळतंय?"

सांगणारच होतो, वेळ बघत होतो, असं काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते, "मीटर वेगळं करू या. वरचं वेगळं, खालचं वेगळं. मला आता झेपत नाही."

"काय झेपत नाही? निम्मे देतोय ना मी?"

मग सगळं सांगावं लागलं. खोटा आकडा, मी भरलेले पैसे. तो खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत राहिला.

केतकी जिन्यात होती. इरा खांद्यावर, नळी मागे पायऱ्यांवरून गेलेली. कधीपासून उभी होती माहीत नाही. वळून वर गेली.

जेवणं आज वेगवेगळी झाली. पहिल्यांदाच.

३ डिसें.

घरात चार मोठी माणसं आणि बोलणं फक्त बाळाशी.

इलेक्ट्रिशियनला फोन केला. घरमालक हो म्हणाला तर वरच्या मजल्याला सब-मीटर बसेल म्हणतो. घरमालकाला अजून विचारलेलं नाही.

केतकीने युनिट मोजायचा प्लग मागवून मशीनला लावलाय. मी पाहिला नाही, अ.ने सांगितलं. "दूध पाजताना, टेप बदलताना तिचं लक्ष त्या आकड्याकडे." मग, "लेकीच्या श्वासाचं रीडिंग घेतेय ती, निखिल."

मी ताट उचलून बेसिनकडे गेलो.

८ डिसें.

काल लिहिता आलं नाही.

वादळाची रेड वॉर्निंग होतीच. सकाळी चहा उकळत असताना वीज गेली आणि वरून मशीनचा अलार्म. मं. तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर गेला. सिलिंडर जोडलं. ते काही तासांचं, दुसरं निम्मं झालेलं. नवं आज यायचं होतं.

वीज कंपनीला फोन मी केला. घरात मशीनवर माणूस असेल तर त्यांच्याकडे नोंद करतात. इराची नोंद सप्टेंबरमध्येच केली होती, माझ्या खात्यावर. खूप वेळ नुसती धून वाजत राहिली. मग एक बाई आली. खातेदार बोलताय ना? हो. मशीन कुणासाठी? बाळासाठी.

"तुमचंच बाळ?"

"हो," म्हटलं. "आमचं."

मं. शेजारीच उभा होता, सिलिंडरच्या काट्याकडे बघत.

बाई म्हणाली, तारांवर झाडं पडलीत, वीज आज येईल असं समजू नका. वारा जरा उतरला की हॉस्पिटल गाठा.

गाडी मी चालवली. मं. शेजारी. केतकी आणि अ. मागे, मध्ये इरा, पायाशी सिलिंडर. वळणावरच ॲशचं झाड आडवं. शेजारचा डेक्लन, गाईंवाला, मोटरची करवत घेऊन आधीच तिथे होता. काचेतून त्याने नळी पाहिली. "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि करवत सुरू केली. एका गाडीपुरती वाट झाली तशी हाताने खूण केली.

हॉस्पिटल तेच, गेल्या वर्षीचं. तिथे जनरेटर. इराला भिंतीतल्या ऑक्सिजनला लावलं. नर्सने बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा दिवा पाहिला, म्हणाली, ठीक आहे. केतकी तिथेच फरशीवर बसली.

अ. आत नव्हती. बाहेर पार्किंगमध्ये सापडली, पावसात, कोटाची बटणंही न लावता. "येते," म्हणाली. "तू जा, मी येते." बऱ्याच वेळाने आली. इराच्या पायाला हात लावून उभी राहिली.

११ डिसें.

वीज आली. इरा घरी. मं.ने मला बघून मान हलवली, मी हलवली. तेवढंच. पण जेवण एकत्र. खिचडी.

१४ डिसें.

केतकी खाली आली. इराला अ.कडे देऊन. मी लॅपटॉप मिटला.

म्हणाली, "त्या दिवशी मीटर वेगळं करू म्हणालास, त्याचा राग नाही आला मला. बरोबरच होतं ते. खोटा आकडा सांगितलास त्याचा आला."

म्हटलं, "तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"माहितीये. पण माझी मुलगी तुझ्या पैशांवर श्वास घेत होती आणि मला ते माहीतच नव्हतं. तुम्ही खाली थंडीत बसत होतात. मी वर तुला बस म्हणत होते. किती मूर्ख दिसले असेन मी."

"नाही गं."

"दिसले. सब-मीटर नको, त्याला वेळ लागेल. मशीनचा प्लग लावलाय. मशीन आणि आमचा हीटर आमचे, उरलेलं निम्मंनिम्मं. आणि तुमचा हीटर लावायचा. लावलाय का ते मी येऊन बघणार."

खरंच येऊन बघितलं तिने. हात लावून.

२० डिसें.

मं.ने मागच्या बिलाचा फरक पाठवला. परत पाठवावा असं दिवसभर वाटत होतं. नाही पाठवला. घेणं जड गेलं, देण्यापेक्षा.

संध्याकाळी तो खाली आला, बिअर घेऊन. सांगलीचा विषय काढला, कोण कुठे आहे वगैरे. पूर्वीसारखं नव्हतं, प्रयत्न होता. दोघांचाही.

७ जानेवारी

कॉर्कहून ऑफर. क्वालिटीमधलं काम, पगार थोडा कमी, परमिट ते करतील. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. इथून रोज जाणं-येणं शक्य नाही.

सगळ्यांना एकदमच सांगितलं, जेवताना. मं.ने टेबलावरून हात पुढे करून माझा दाबला. केतकी म्हणाली, "फार छान." मग उठून डाळ गरम करायला लागली, डाळ गरमच होती.

अ. इराला घ्यायला उठली.

१० जानेवारी

अ. म्हणते, तू पुढे जा. मी इथे राहते थोडे दिवस. फार्मसीतली नोकरी आहे, केतकी एकटी पडेल, इराची मशीन काढायची तपासणी मार्चमध्ये आहे.

"आणि नंतर?"

"बघू ना नंतर."

आमच्या खोलीत हीटर चालू होता. ती पाठमोरी, कपड्यांच्या घड्या घालत. इराचेही होते त्यात, एवढेएवढे मोजे. तिला ओढून नेणं बरोबर नाही हे मला कळतं. तिथे एकट्याने काय करायचं ते कळत नाही. यातलं काहीच तिला सांगितलं नाही.

१५ जानेवारी

मीटर मं.च्या नावावर करायला वीज कंपनीला फोन. आज माणूस होता. म्हणाला, सोपं आहे. तुमचं खातं बंद होईल त्या दिवसापर्यंतचं बिल तुम्हाला, पुढचं नव्या खातेदाराला. मशीनची नोंद मात्र आपोआप जात नाही, त्यांना नव्याने करावी लागेल.

विचारलं, "मधल्या काळात नोंद राहते ना?"

"खातं बंद झालं की नाही राहत."

मं. सोफ्यावर बसून ऐकत होता. हळूच म्हणाला, "तू कॉर्कला गेलास तरी असू दे की तुझ्या नावावर. मार्चपर्यंत." मग, "नको असेल तर तसं सांग. खरं सांग या वेळी."

फोनवरचा माणूस म्हणाला, बंद करायचं असेल तर आजचं रीडिंग द्या.

फोन कानाशी धरूनच बाहेर मीटरच्या पेटीपाशी गेलो. पाऊस बारीक. वरच्या खिडकीत अश्विनी, इराला उभी धरून, ती काचेवर हात आपटत होती. पेटी उघडली. आकडे दिसत होते.

फोनवरच्या माणसाला म्हटलं, रीडिंग अजून घेतलं नाही.