माझ्या मापाची सायकल

माय, मी सायकल घेतली. माझ्यासाठीच. आधी हेच सांगायला हवं, कारण आपल्या घरात बाईने काही घेतलं की "कुणासाठी?" हा प्रश्न ठरलेला असायचा. नांदेडच्या दुकानदारानेही तेच विचारलं. "नातवाला पाहिजे का म्याडम? किती वर्साचा हाय?" माझी पोरगी लातूरला नोकरी करते, लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते, पण याने माझे पांढरे केस बघून तिचं लग्न, बाळंतपण, नातवाचे वाढदिवस सगळं परस्पर उरकून टाकलं. मी म्हटलं, नातवाला नाही, मला पाहिजे. तो मला खालपासून वरपर्यंत बघत राहिला आणि मग प्लास्टिकची खुर्ची पुसून म्हणाला, "बसा मग. चहा सांगू?" हे गिऱ्हाईक लवकर उठणार नाही, हे त्याने ओळखलं असावं.

मी सायकल का घेतली ते तुला सांगणं भाग आहे, कारण ते तुझ्याकडूनच आलंय. तुझी उंची मला आली नाही, तुझा आवाज आला नाही, तुझ्या हातची भाकरी तर नाहीच. गुडघे तेवढे जसेच्या तसे आले. सरकारी दवाखान्यात औषधं द्यायची माझी नोकरी तू बघितली आहेस, दिवसभर काउंटरला उभं राहायचं. आता जिना उतरायचा तर मी आधी कठडा बघते. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, गादी झिजलीय, पण वेळ गेलेली नाही, मांड्या बळकट करा, नाहीतर पुढे ऑपरेशन आहेच. मला ऑपरेशनची भीती नाही वाटली. मला तू दिसलीस. किनवटहून तुला इथे आणली तेव्हा भिंत धरून चालत होतीस, मग तेही गेलं, आणि शेवटची काही वर्षं पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसून काढलीस. मी दवाखान्यातून आले की हाक मारायचीस. मी काखेत हात घालायचे आणि तू म्हणायचीस, "हाव, आता उचल." दिवसभरात गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते सांगायचीस आणि मधेच विचारायचीस, "त्या कोपऱ्याच्या पल्याड काय हाय गं?" कोपऱ्यापलीकडे एक पिठाची गिरणी होती आणि एक पंक्चरचं दुकान. ते तू कधी पाहिलं नाहीस. मला तसं बसायचं नाही, माय. तू असताना हे तुझ्या तोंडावर बोलले नसते.

डॉक्टरांनी सायकल सांगितली, पण घरातली, जागेवर उभी असते ती. तुझ्या जावयाला ही कल्पना फार आवडली. टीव्हीसमोर ठेवू, ऊन नाही, ट्रक नाही, कुत्री नाहीत, बातम्या बघत पाय मारायचे. कुठे ठेवायची ते बघायला त्यांनी टेपही काढला, आणि जागा कुठली निघाली? पुढची खोली. खिडकीशी. त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. त्यांना तिथे रिकामी जागा दिसली, बस. मी म्हटलं, मला रस्त्यावरची पाहिजे. "अगं, पडलीस तर?" पडले तर पडले. "मग दोन्ही गुडघे एकदमच बदलून घेऊ," असं म्हणून ते हसले, आणि मला हसू आलं नाही हे बघून टेप गुंडाळून ठेवला. त्या दिवशी मी रागात होते, आणि तो राग त्यांच्यावर नव्हता.

सायकल घेणं आता सोपं राहिलेलं नाही. आपल्या वेळी दोनच जाती होत्या, जेन्ट्स आणि लेडीज. आता बारीक चाकांची, पळवायची एक. जाड टायरची, डोंगरातली एक. आणि या दोन्हींच्या मधली ती हायब्रीड. पोरीने लातूरहून फोनवर मला पंधरा दिवस शिकवणी दिली. "मम्मी, तुला शर्यत लावायची नाही आणि माहूरचा डोंगरही चढायचा नाही. तुला मधलीच पाहिजे. हँडल उंच बघ, म्हणजे पाठ ताठ राहते. सीट रुंद बघ. मधली दांडी वाकवलेली बघ, म्हणजे पाय वर टाकावा लागत नाही." गिअर किती? मागचे सात पुष्कळ झाले म्हणे. पुढेही गिअर असले की नुसता गोंधळ. नांदेड तसं सपाटच, पण उड्डाणपुलावर चढताना हलका गिअर असला की गुडघ्यावर जोर येत नाही. दुकानदाराला मला पुढे शॉकअप असलेली द्यायची होती. दाबून दाखवत होता, "बगा, कशी गादीवानी." ती मी उचलून पाहिली. आमच्या बिल्डिंगला खाली दोन पायऱ्या आहेत, रोज तिथून ती वर घ्यायची कोणी? स्वस्तातल्या सायकलला शॉकअप म्हणजे वजनच जास्त, हे पोरीने आधी सांगून ठेवलं होतं, आणि महागातली मला घ्यायची नव्हती. मी साध्या पुढच्या काट्याची निवडली, जरा रुंद टायरची. खड्ड्यांचं काय ते टायर बघून घेतील. ब्रेक साधेच, कारण ते कोपऱ्यावरचाही माणूस नीट करतो. मडगार्ड आणि कॅरिअर वेगळे बसवून घेतले. सगळं मिळून ती पोरीच्या फोनपेक्षा स्वस्त पडली. तोवर मी अगदी शहाण्यासारखी वागत होते.

मग मापाचं आलं. एकाच सायकलीत दोन मापं होती, लहान आणि मोठं. रंग एक, किंमत एक. मी मोठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ही द्या. तो म्हणाला, "म्याडम, बसून तर बगा." मी बसले. पायाचा अंगठा जमिनीला लागत होता, तोही एका बाजूला कलल्यावर. "मोठी होऊन राहिली तुम्हाला." आणि माय, मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "राहू द्या. होईल." त्याने माझ्या अधांतरी टाचांकडे बघितलं. मग अगदी सरळ तोंडाने म्हणाला, "होईल म्हंजी? आता काय वाढून राहिलात का तुम्ही?"

दुकानात चारचौघांत मी हसत सुटले. तो बिचारा माफी मागायला लागला. त्याला कसं सांगणार होते की ते मी नव्हते बोलले, तू बोलली होतीस.

किनवटच्या आश्रमशाळेच्या त्या स्वयंपाकघरात तू दोनशे पोरांच्या भाकरी थापतेस, मी कोपऱ्यात पिठाच्या डब्यावर बसून अभ्यास करते, आणि माझ्या अंगावर चौदा एप्रिलच्या जयंतीला घेतलेला फ्रॉक आहे, पोटरीच्याही खाली गेलेला. कपडे वर्षातून एकदा, जयंतीला, आणि नेहमी पुढच्या दोन जयंत्यांच्या मापाचे. चपलेत कापूस, बाह्यांना दुमड. एकदा मी सुई-दोरा घेऊन फ्रॉकची खालची कड आत दुमडली होती, चांगली गुडघ्यापर्यंत. तू हातातलं पीठ झटकलंस, मला जवळ ओढलंस आणि सगळे टाके दातांनी तोडलेस. "कापड वाया घालून राहिलीस का? वाढत्या अंगाचं हाय ते. पुढच्या जयंतीला काय गुंडाळशील?" पोळलेल्या बोटांनी तू ती कड परत खाली सोडलीस आणि वरून हात फिरवून सरळ केलीस. मारलं नाहीस. मला त्या वेळी वाटलं होतं, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

आणि ती सायकल. बदली होऊन चाललेल्या गुरुजींकडून तू माझ्यासाठी घेतलीस, मोठी काळी जेन्ट्स, मी सहावीत. वसतिगृहात कुणाच्या पोरीला सायकल नव्हती. तू ती चिंचेच्या झाडाला टेकवलीस, पदराने सीट पुसलीस आणि म्हणालीस, "बस." सीट माझ्या छातीला लागत होती. "बसशील की. उंच व्हशील तू, माझ्यावर जाशील." मी दांडीखालून पाय घालून तिरकी तिरकी ती चालवायला शिकले. पुढे सीटवर चढले, तरी पाय काही टेकले नाहीत. थांबायचं तर आधी टेकायला काहीतरी शोधावं लागे, एखादा दगड, पुलाचा कठडा, कुणाचा तरी ओटा. किनवटात माझ्या उतरायच्या जागा ठरलेल्या होत्या. त्यांच्या अधेमधे कुणाचं घर असलं तर मी तिथे जातच नसे. दहावीनंतर मी सायकल सोडली. लोकांना वाटलं लाजते. मला फक्त थांबायची धास्ती होती. माझ्या उंचीवर तुझा केवढा विश्वास होता, माय, आणि मी पाच फुटांपर्यंतही पोचले नाही.

त्या सायकलीचा मला राग नाही आला, खरंच नाही. त्याच पैशात मोठं मिळत असताना लहान का घ्यायचं, हे गणित तुझं बरोबरच होतं, आणि तू ते स्वतःसाठी कधीच मांडलं नाहीस, कारण साडीला माप नसतं. पण दुकानात लहान सायकलीवर बसले, दोन्ही टाचा फरशीवर आल्या, आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं. पन्नाशी उलटली माझी, अजूनही मी चप्पल घेताना एक नंबर वरची बघते. आता मी वाढणार नाहीये. आता जे मापाचं असेल ते आजच मापाचं असायला पाहिजे. दुकानदार विचारत होता, "सीट अजून खाली घेऊ का?" मी म्हटलं, नको, आता बरोबर आहे. हे वाक्य मी आयुष्यात कुठल्या दुकानात बोलले असेन असं वाटत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तू असतीस तरी पोस्टात टाकलं नसतं. तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे, तुझ्या मामेभावाची, कंधारहून आलेली, आणि त्यातलं वाईट वाटेल ते गाळायचे. यातलं काय गाळलं असतं ते मला माहीत आहे. ते तसंच राहू दे.

रोज सकाळी दवाखान्याच्या आधी जाते. गल्ली, कोपरा, मोठा रस्ता, आणि मग नदीकडचा तो सरळ रस्ता, तिथे त्या वेळी फारशा गाड्या नसतात. जिन्यावर अजून कठडा धरते, पण शेवटच्या दोन पायऱ्या धरल्याशिवाय उतरते. घरी सगळ्यांना वाटतं मी गोल चक्कर मारून येते; तुझे जावई शेजारच्यांना सांगतातसुद्धा. खरं तर इतक्या वर्षांनी बसल्यावर मला अजून वळता येत नाही, माय. हँडल वळवलं की अंग ताठ होतं आणि डोळे आपोआप मिटतात. म्हणून मी सरळ जाते. कोपरा आला किंवा रस्ता संपला की उतरते, सायकल हाताने फिरवते, कुणी बघत असलं तर टायर दाबून बघितल्यासारखं करते, आणि पुन्हा बसते. वळणं येईल पुढेमागे. तोवर उतरते मी आणि परत चढतेही मीच, कुणाला हाक न मारता.