ताहयात

गुरुजी, पेडगावच्या आमच्या घरात तुम्ही चुलीपुढं पाटावर बसला होतात, ती सकाळ मला अजून दिसते. तुमच्या हातात वडिलांचा कागद आहे, निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला. वडील लहानपणीच पोरके झाले, त्यांच्या मामांनी त्यांना वाढवलं आणि विहिरीजवळचं शेत लिहून दिलं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्या कागदातला एकच शब्द घरात सगळ्यांना पाठ होता, ताहयात. शेत ताहयात आपलं आहे, असं वडील सांगायचे. तो शब्द आमच्याकडे इतका रुळला होता की लुगड्याचा रंग पक्का निघाला तरी आई म्हणायची, ताहयात जायचा न्हाई.

वडील गेले आणि वर्षाच्या आत मामांच्या मुलांनी शेत परत मागितलं. दावा परभणीच्या कोर्टात गेला. तीन वर्षं आई तारखांना जात होती. पुकारा कधी होईल म्हणून दिवसभर आवारात बसायची, आणि साहेब रजेवर आहेत असं कळलं की पुढची तारीख घेऊन एस.टी.नं परत यायची. बायका विचारायच्या, काय झालं, तर तिला सांगता यायचं नाही. कागद आमच्या वकिलांनाही वाचता येत नव्हता. तर्जुमा करून सांगायला त्यांनी तुम्हाला साक्षीला बोलावलं तेव्हा आई केवढी हरखली! आपला माणूस आहे, म्हणत होती.

म्हणूनच साक्षीच्या आदल्या दिवशी तिनं तुम्हाला घरी चहाला बोलावलं होतं. तुम्ही कागद वाचलात, पुन्हा वाचलात, घडी घातलीत. मग हळूच म्हणालात की ताहयात म्हणजे कायमचं नव्हे. ज्याला दिलं तो जिवंत असेपर्यंत. आईचा भाकरीवरचा हात थांबला.

"गुरुजी, एकच शब्द हाय. तुमचं काय बिघडायलंय?"

"माय, लिवलंय ते लिवलंय. मला दुसरं वाचता येणार न्हाई."

तुमचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी कोर्टात तुम्ही आहे तसं वाचलंत. परतीच्या गाडीत आई तुमच्याकडे पाठ करून बसली. शेत गेलं, आणि पुढं त्याच विहिरीवरून ती दुसऱ्यांच्या कामाला जायची तेव्हा पदर ओढून घ्यायची.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगते. शाळा सुटल्यावर तुम्ही मला वर्षभर उर्दू शिकवत होतात, हे आईला ठाऊक होतं. कोर्टातून आल्यावर, डाळ निवडता निवडता, तिनं मला विचारलं, "तूबी बघितलास ना कागद? खरंच तसं हाय का गं?" मी तुमच्या खांद्यावरून तो बघितला होता. हयात म्हणजे आयुष्य, हा तुम्ही शिकवलेल्या पहिल्या काही शब्दांतला होता. मी म्हणाले, "न्हाई. गुरुजींनी चुकीचं वाचलं."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. मी खरं सांगितलं असतं तर वडील तिच्याशी खोटं बोलले, नाहीतर त्यांना स्वतःचाच कागद कळला नव्हता, यातलं एक तिला मानावं लागलं असतं. तुमच्यावर रागावणं त्यापेक्षा सोपं होतं. तुम्ही चुकीचं वाचलंत, असं तिनं गावभर सांगितलं. लोक जुने कागद वाचून घ्यायला सोनपेठला दुसऱ्याकडे जाऊ लागले. ही गोष्ट घरात कुणी पेरली, हे तुम्हाला नक्की कळलं असणार, कारण गावात तुमच्याखेरीज उर्दू मलाच येत होती. तरी रोजच्यासारखं तुम्ही मला पुढचा धडा उघडायला सांगितलात, आणि एका शब्दानं काही विचारलं नाहीत.

आई गेली तोवर तुम्ही तिच्या लेखी खोटेच होतात. मला त्याची लाज वाटते, गुरुजी, लय वाटते. आणि तरी ती आज समोर बसून विचारेल तर मी पुन्हा तेच सांगेन.