बारकीचा अर्धा दिवा

१९ जानेवारी, रविवार

परत ‘नाही’! तिसऱ्यांदा नाही म्हणाले पप्पा. माझं रक्त त्यांच्याशी जुळतं, किडनी देते म्हणते. डॉक्टर म्हणतात, हो म्हणा, पुढच्या तपासण्या लावू. एका किडनीवर माणूस आयुष्यभर नीट जगतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. आणि हा माणूस अर्धा कप चहा – अर्धाच, पाणी मोजून प्यायचं ना – खाली ठेवून म्हणतो, “अक्षे, इषय बंद. नव्या गाडीचा पार्ट काढून भंगारातल्या गाडीला बसवला असता, तर डेपोत मेमो मिळाला असता मला.”

तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, म्हणून प्रत्येक गोष्टीत गाडीच आणायची का? म्हटलं, पप्पा, मी गाडी नाही. तर म्हणतात, “न्हाईस म्हणूनच तर! लगीन व्हायचंय तुझं. पोटावर एवढा व्रण बघून कोण करंल?”

असला नवरा मला नकोच, असं ओरडले मी. शेजारच्यांनी ऐकलं असणार. आई आतून म्हणाली, “जेवून घ्या आदी. मग भांडा.” जेवलो.

२२ जानेवारी

सव्वीस वर्षांची आहे मी. क्लासमध्ये साठ पोरांना इंग्रजी शिकवते, पालकांना गप्प करते. घरात माझ्याच पोटातल्या गोष्टीवर माझं चालत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज घरात जरा हसू आलं. टीव्हीवरच्या सासू-सुनांना पप्पा कंटाळलेत, म्हणून मोबाईलवर एक जपानी कार्टून मालिका लावून दिली. “कार्टून? मी काय ल्हान हाय व्हय?” पाच मिनिटांत मोबाईल नाकाला लावून बसले! त्यात यंत्रमाणसं आहेत, आणि पहिल्याच भागात एक यंत्र दुसऱ्याचा गुडघा उघडून ग्रीस भरतं. “बरूबर भरतंय गं! शिकलेलं हाय!”

गोष्ट नदीकाठच्या एका गावाची. तिथं माणसं मरतात आणि यंत्रंही मरतात. यंत्रांच्या छातीत एक दिवा असतो, तो विझला की खेळ खलास. दिवे बनवणारे कारागीर कधीच मरून गेलेत, त्यामुळे नवा दिवा कुठंच मिळत नाही. नाव वल्हवणारं एक म्हातारं यंत्र आहे, आणि त्यानं सांभाळलेली एक यंत्रपोरगी. जपानी नावं पप्पांच्या जिभेवर बसेनात. मग म्हातारबा आणि बारकी – ठरलं. दर रविवारी एक नवा भाग येतो. खाली इंग्रजी ओळी येतात. त्या मी मराठीत वाचायच्या, पप्पांनी चित्र बघायचं, आईनं उंबऱ्यात बसून ज्वारी निवडायची.

म्हातारबाचा दिवा मंद व्हायला लागलाय. पप्पांनी ते माझ्याआधी ओळखलं.

६ फेब्रुवारी

पायांना सूज. बोट दाबलं की खड्डा राहतो. मी आज तीनदा दाबून बघितलं, जणू काही तिसऱ्यांदा राहणार नव्हता.

सोमवार-गुरुवार मिरजेला डायलिसिस. आई घेऊन जाते, माझे क्लास असतात. चार तास ते आत, ती बाहेर. संध्याकाळी दोघं घरी येतात तेव्हा पप्पांचा चेहरा धुऊन पिळलेल्या कपड्यासारखा असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजच्या भागात गावातली एक म्हातारी – खरी, माणूस – वारली. सगळी यंत्रं रांगेत उभी. त्यांना रडता येत नाही, म्हणून ती नुसती उभीच. पप्पांनी विचारलं, “मरताना ती काय म्हणाली?” मी वाचलं, “मला विसरायची घाई करू नका.” पप्पा म्हणाले, “आपल्या मानसाला हे सांगावं लागत न्हाई.” आणि पाणी मागितलं. आजचा वाटा संपला होता. मी बर्फाचा एक खडा दिला. तो त्यांनी कितीतरी वेळ गालात धरला. मी न्हाणीत जाऊन रडले, नळ सोडून.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी आज खोटं बोलले. इथं लिहिते, दुसरीकडं कुठं लिहिणार?

बारकीनं छाती उघडली. दिव्याचे दोन भाग होतात म्हणे! अर्धा ती म्हातारबाला द्यायला निघाली. पप्पा सरळ होऊन बसले. आईचे हात सुपात थांबले. खाली ओळ आली – म्हातारबा म्हणतो, “नको. तुझं आयुष्य घेऊन जगलो, तर रोज तुझ्याकडं बघू कसा?”

माझं तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. मी वाचलं, “दे पोरी. तू दिलेलं नाकारलं तर तुझाच अपमान होईल.”

मी पुढंही तसंच ओढत गेले. म्हातारबा रागावून नावेत जाऊन बसला – मी सांगितलं, भरून आलं म्हणून गेला. पप्पा म्हणाले, “दिवा अजून मंदच दिसतोय की गं.” म्हटलं, बसवायला वेळ लागतो पप्पा. “व्हय, सेटिंग करावं लागत असंल,” म्हणाले. माझ्या खोट्याला स्वतःच टेकू दिला बिचाऱ्यांनी!

२ मार्च, रविवार

बघू म्हणाले! बघू!!

भाग संपल्यावर बराच वेळ हाताच्या त्या डायलिसिसच्या सुया टोचून फुगलेल्या नसेवर बोट ठेवून बसले होते. मग म्हणाले, “अर्धा देऊन बारकी जगंल किती?” म्हटलं, पूर्ण. सगळं आयुष्य जगेल. “तसं लिवलंय का त्यात?” हो पप्पा, लिहिलंय. असं कुठंच लिहिलेलं नाही. मालिकेत कुणालाच ते माहीत नाही.

“बघू,” म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा नाही सोडून दुसरा शब्द. मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, “पीठ लागंल गं तुला.” तिला आनंद झालेला दिसला नाही. तिचं मला काही कळतच नाही.

९ मार्च, रविवार

सापडले.

म्हातारबा बारकीकडं पाठ करून बोलत होता. मी काहीतरी गोड रचून सांगितलं. पप्पांनी मोबाईलवर बोट ठेवलं, मागं नेलं. “परत वाच.” मी वाचलं. त्यांनी पुन्हा मागं नेलं. “आता परत.” मला मघाचं आठवेना! वेगळंच काहीतरी बोलले. तिसऱ्यांदा तर जीभच वळली नाही.

“इंजनाचा आवाज तीनदा ऐकून फॉल्ट काढायचो मी,” पप्पा म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “म्हातारं नको म्हणतंय न्हवं? पयल्यापासनं नकोच म्हणतंय न्हवं?”

मी मान हलवली. कधी नव्हे ते पाया पडले त्यांच्या. म्हटलं, खोटं बोलले, पण मागितलं ते खरंच मागितलं. तुम्ही गेलात तर मी दोन किडन्या घेऊन काय करू? लोणचं घालू? पप्पा म्हणाले, “फशिवलंस गं मला.” एवढंच.

१३ मार्च, गुरुवार

डायलिसिसला गेले नाहीत. भिंतीकडं तोंड करून झोपलेत. आई दहा वेळा म्हणाली, “आवं उठा, रिक्षा आलीय.” रिक्षा अर्धा तास थांबून गेली.

हे माझ्यामुळं.

१४ मार्च

धुळवड. गल्लीत घरोघरी मटण शिजत होतं, आणि आम्ही पप्पांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवत होतो. श्वास घेता येईना, ओठ निळे. छातीत पाणी भरलेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदय थकलंय, असे झटके फार सोसायचं नाही ते. किडनीचा निर्णय घ्या लवकर. मी निर्णय घेतलाय हो कधीचा! माझ्या निर्णयाला विचारतो कोण?

१६ मार्च, रविवार

दवाखान्यात, त्यांच्या खाटेशेजारी, शेवटचा भाग लावला. त्यांनीच सांगितलं लावायला. “आज खरं वाच.”

खरं वाचलं. बारकी शेवटपर्यंत दिवा हातात धरून उभी. म्हातारबा नाव किनाऱ्याला लावतो, दोरी बांधतो, वल्हं तिच्या हातात देतो आणि विझतो. बस. वाचताना माझा आवाज फाटला तरी वाचलं.

पप्पा म्हणाले, “बघ. नीट बांधून गेलं.” मी म्हटलं, आणि बारकीचं काय? ती तिथंच उभी राहिली ना! तिचं कोण बघणार? पप्पा म्हणाले, “तू माझी एकुलती हाईस, अक्षे. माझ्यात तुला कापायची ताकद न्हाई.” सगळे उपाय संपले. खोटंही संपलं, खरंही संपलं.

२० मार्च, गुरुवार

आईनं आज माझ्या मांडीवर एक जाड फाईल ठेवली. म्हटलं, पप्पांची आहे का? उघडली. नाव – चंद्राबाई महेंद्र कांबळे. रक्तगट, सोनोग्राफी, हृदयाची पट्टी, किडनीचा सीटी. सगळं तिचं! सगळं नीट! शेवटच्या कागदावर – देऊ शकते.

म्हटलं, कधी केलंस हे? “जानेवारीपासनं. ते आत असायचे, मी भाईर. चार तास नुसतं बसून काय करायचं? तितल्या अंजना सिस्टरला इचारलं, ती खाली तपासायला घिऊन गेली. एकेक करत झालं.”

मग बोलली का नाहीस? मी इथं जिवाचा आटापिटा करत होते, खोटं वाचत होते!

आई जतची, दुष्काळी मुलखातली. तिचा आवाज कधी चढत नाही. आजही चढला नाही. “तुमी दोघं त्या यंत्रांवरनं भांडत हुता. मला कुणी इचारलं व्हय? आणि कागद पुरा हातात आल्याबिगर बोलून काय करू? जुळलं नसतं तर तुमाला आनखी एक घोर.”

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, घरातलं कोण देणार? मी उभी राहिले, पप्पा नको म्हणाले, आणि लागलो आम्ही भांडायला. आई शेजारच्याच खुर्चीत होती, औषधांची पिशवी घेऊन. तिच्याकडं कुणी बघितलंच नाही. का, ते आता आठवायचा प्रयत्न केला. काही कारणच नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

आईनं संमतीचा कागद पुढं केला. पप्पांनी चष्मा मागितला, वाचला, सही केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मला दोन महिने नको नको म्हणणारा माणूस – तिला एकदाही नको म्हणाला नाही.

मीही म्हणाले नाही.